सेनापती खंडेराव दाभाडे : फौज कुणाची, खर्च कुणाचा?

गेल्या आठवड्यात आपण घोरावडेश्वराच्या डोंगरावर होतो. लेण्यात दान कोरून ठेवणाऱ्या, धेनुकाकटाच्या शेतकरी घरातल्या बाईची तिथे ओळख झाली. आता डोंगर उतरू. पायथ्याच्या घोरावाडी स्टेशनातून लोणावळ्याकडे जाणारी लोकल सुटली की पुढचाच थांबा तळेगाव. दाभाड्यांचे तळेगाव. त्यांच्याकडे मी मुद्दाम उशिरा वळतो आहे. त्यांची गोष्ट मावळात सुरू होते खरी, पण बागलाण, सुरत, दिल्ली आणि डभई असा फेरा मारून मगच परत येते, आणि तो फेरा समजायचा तर अठराव्या शतकातल्या मराठी राज्याची तिजोरी कशी चालत होती हे आधी समजून घ्यावे लागते.

शाळेच्या इतिहासात दाभाड्यांच्या वाट्याला जेमतेम एक परिच्छेद येतो. डभईची लढाई, पहिल्या बाजीरावाचा विजय, त्रिंबकराव दाभाडे ठार. एवढे वाचून मुले पुढे दिल्लीकडे वळतात. त्रिंबकराव लक्षात राहतो तो पेशव्याच्या वाटेत आलेला माणूस म्हणून. त्याच्या बापाने, खंडेरावाने, आधीची तीस वर्षे काय केले, गुजरातवर दाभाड्यांचा हक्क आला कुठून, हे विचारायला त्या परिच्छेदात जागाच नसते. मला हा अन्याय वाटतो. बाजीरावाचे मोठेपण कमी करण्याची त्यासाठी काही गरज नाही. डभईला दोन मराठी फौजा एकमेकींवर का तुटून पडल्या याचे उत्तर मात्र खंडेरावाच्या आयुष्यातच आहे.

सुरुवात शिवकाळापासून करू. शिवाजी महाराजांच्या घोडदळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार आणि दहा जुमल्यांवर एक हजारी अशी उतरंड होती. हजारीला वर्षाला १००० होन पगार. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येई, पण तोही सरकारी सरदारांच्या हुकमतीखाली असे. पगार रोख किंवा वरातीने, म्हणजे वसुलावरच्या चिठ्ठीने, मिळे, आणि फौज पोसण्यासाठी सरदाराला मुलूख तोडून द्यायचा नाही हा महाराजांचा कटाक्ष होता. ज्याच्या हाती मुलूख, त्याच्या हाती कायमची फौज, आणि तिच्या बळावर तो उद्या आपल्यालाच डोळे दाखवील, हे त्यांनी जुन्या देशमुखांच्या वागण्यात पाहिले होते. मावळातले देशमुख वठणीवर आणताना तर त्यांचे अर्धे तारुण्य गेले.

१६८९ मध्ये ही घडी मोडली. संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले आणि पुढे जवळजवळ आठ वर्षे मराठ्यांचे राजे तमिळ मुलखातल्या एका किल्ल्यात राहिले. तिजोरी रिकामी. औरंगजेब वतने आणि मनसबी देऊन मराठे सरदार फोडत होता. त्यांना आपल्या बाजूला ठेवायचे तर देण्यासाठी राजाकडे एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे अजून जिंकायच्या असलेल्या मुलखाची सनद. तुम्ही फौज उभी करा, मोगलांच्या ताब्यातला मुलूख मारा, त्यातून फौजेचा खर्च भागवा. या व्यवहाराला सरंजाम म्हणतात. राजारामांना यासाठी दोष देणे सोपे आहे. पण त्या वेळी दुसरा मार्ग होता असे मला वाटत नाही. राज्य त्यामुळेच जगले.

खंडेराव दाभाडे याच काळात घडला. बापाचे नाव येसाजी. शिवाजी महाराजांच्या सेवेपासून घराण्याची निष्ठा सांगितली जाते, आणि जिंजीच्या प्रवासात खंडेराव व त्याच्या भावाने राजारामांना जिवावर उदार होऊन सांभाळले अशी परंपरा तळेगावात आजही अभिमानाने ऐकायला मिळते. परंपरेतला तपशील बाजूला ठेवला तरी १६९९ साली राजारामांनी त्याच्यावर जे काम सोपवले त्यावरून त्याच्याविषयीचा विश्वास दिसतोच. त्या वर्षी मोठी फौज घेऊन राजाराम उत्तरेकडे गेले आणि परतताना मोगली मुलखात चौथ वसूल करायला सरदार मागे ठेवले. वऱ्हाडात परसोजी भोसले, खानदेशात निंबाजी शिंदे, गोदावरीकाठच्या गंगथडीत हैबतराव निंबाळकर, आणि बागलाणात खंडेराव दाभाडे.

बागलाण म्हणजे साल्हेर-मुल्हेरचा, सटाण्याचा डोंगराळ पट्टा. नकाशावर पाहिले तर ही नेमणूक किती विचारपूर्वक केली होती ते कळते. बागलाणाच्या पश्चिमेला डांगाचे जंगल आणि त्याच्या पलीकडे सुरत. उत्तरेला तापीचे खोरे, त्यातून नवापूर, नंदुरबार करत बऱ्हाणपूरला जाणारी सडक. सुरत हे मोगल बादशाहीचे सर्वांत मोठे बंदर. मक्केचे यात्रेकरू तिथूनच जहाजावर चढत, अरबस्तानातून चांदी आणि घोडे तिथेच उतरत, इंग्रज आणि डच वखारींचा माल तिथूनच निघे. तो माल आग्रा-दिल्लीकडे नेण्याच्या मोठ्या वाटांपैकी एक याच बऱ्हाणपूरच्या सडकेने जाई. डोंगरात ठाणे असलेल्या माणसाने पायथ्याची सडक धरली की साम्राज्याची नस हातात येते. बोरघाटाच्या तोंडाशी वाढलेल्या मावळी माणसाला हे वेगळे शिकवायची गरज नव्हती.

खंडेरावाने तेच केले. एखाद-दुसरी पेठ लुटून घरी परतणे हा त्याचा मार्ग नव्हता. सुरत ते बऱ्हाणपूर सडकेवर त्याने ठाणी बसवली. त्याचा परवाना घेतलेला व्यापारी सुखरूप पुढे जाई. परवाना नसेल तर मालाचा चौथा हिस्सा द्यावा लागे. मोगली तवारीखकार याला लुटारूपणा म्हणतात, आणि ज्याचे तांडे अडवले गेले त्याला ते तसेच वाटणार. पण दरवर्षी त्याच ठाण्यांवर, त्याच दराने, परवाने देऊन घेतलेल्या पैशाला लूट म्हणून भागत नाही. ती राहदारी होती. बादशहाच्या सडकेवर बादशहाच्याच डोळ्यांदेखत दुसरे सरकार उभे राहत होते, आणि त्याच्या फौजेच्या खर्चासाठी साताऱ्याहून एक रुपयाही यावा लागत नव्हता.

१७०७ मध्ये औरंगजेब गेला. शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि ताराबाईंशी गादीचा झगडा सुरू झाला. त्या यादवीचा तपशील इथे देत बसत नाही. खंडेरावाने शाहूंचा पक्ष धरला, तर धनाजी जाधवाचा मुलगा, सेनापती चंद्रसेन, १७११ मध्ये शाहूंना सोडून गेला. राज्याचा सेनापतीच फौजेसकट पक्ष बदलू शकतो हे सगळ्यांनी तेव्हा पाहिले. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवा झाला आणि त्याने विस्कटलेले सरदार एकेक करून पुन्हा शाहूंभोवती बांधायला सुरुवात केली.

१७१६ मध्ये दक्षिणेचा मोगल सुभेदार होता सय्यद हुसेन अली. दिल्लीत बादशहा बसवणाऱ्या आणि उतरवणाऱ्या दोन सय्यद बंधूंपैकी धाकटा. सुरतेची सडक खंडेरावाच्या हाती असणे त्याला परवडणारे नव्हते. त्याने आपला बक्षी झुल्फिकार बेग याला आठ हजारांच्या आसपास फौज देऊन पाठवले. खंडेरावाने समोरासमोर उभे राहायचे टाळले. मोगल जसजसे पुढे आले तसतसा तो मागे सरत गेला, त्यांना मोडक्यातोडक्या, ओहोळ-टेकड्यांच्या जमिनीत ओढून नेले आणि तिथे फौज विखुरली गेल्यावर उलटून तिच्यावर पडला. झुल्फिकार बेग मारला गेला, त्याची फौज कापली गेली. यानंतर हुसेन अलीने आपला दिवाण मोहकमसिंग याला पाठवले. नगरच्या बाजूला लढाई झाली, पण निकाल लागला नाही. सडक खंडेरावाकडेच राहिली.

११ जानेवारी १७१७ रोजी शाहू महाराजांनी खंडेरावाला सेनापतिपद दिले.

इथे जरा थांबायला हवे, कारण सेनापती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आजचा लष्करप्रमुख येतो. सरकार पगार देते, सरकार बदली करते, वय झाले की निवृत्ती. अष्टप्रधानांतला सेनापती एका अंगाने मंत्री होता, राजाच्या मसलतीत बसणारा, तह करणारा. दुसऱ्या अंगाने तो स्वतःच्या फौजेचा धनी होता. शाहूंची म्हणून वेगळी फौज होती, तिला हुजुरात म्हणत, आणि ती लहान होती. राज्याची खरी ताकद खंडेरावासारख्यांच्या पथकांत होती, आणि ती पथके त्यांनीच उभी केलेली, त्यांच्याच सरंजामावर जगणारी. शाहूंनी खंडेरावाला फौज दिली नाही, त्याच्याकडे असलेल्या फौजेला पद दिले. हा फरक ध्यानात ठेवला की पुढचे सगळे सरळ कळते.

झुल्फिकार बेगाच्या पराभवाने हुसेन अलीलाही एक गोष्ट पटवली. मराठ्यांशी लढून दक्षिण राखता येत नाही, आणि दिल्लीत बादशहा फर्रुखसियर त्याच्या जिवावर उठलेला. १७१८ मध्ये त्याने बाळाजी विश्वनाथाशी करार केला. शिवाजी महाराजांचे स्वराज्य शाहूंचे म्हणून मान्य, दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथ आणि सरदेशमुखी मान्य, शाहूंची आई येसूबाई आणि इतर मंडळी कैदेतून मुक्त. बदल्यात शाहूंनी पंधरा हजार घोडदळ मोगलांच्या मदतीला ठेवायचे आणि दहा लाख पेशकश द्यायची. यावर बादशहाची मोहोर हवी म्हणून हुसेन अलीबरोबर मराठी फौज दिल्लीला गेली. पेशवा बाळाजी विश्वनाथ आणि सेनापती खंडेराव, दोघे एकत्र.

१७१९ चा फेब्रुवारी. फर्रुखसियरला तख्तावरून ओढून काढण्यात आले त्या दिवशी दिल्लीच्या रस्त्यांत मराठ्यांवर गर्दी उसळली आणि दीड हजारांच्या आसपास मराठे मारले गेले. एवढी माणसे एका दिवसाच्या दंगलीत गेली. पण मार्चमध्ये नव्या बादशहाच्या मोहोरेच्या सनदा हाती आल्या, आणि उन्हाळ्यात येसूबाई तीस वर्षांच्या कैदेनंतर महाराष्ट्रात परतल्या.

त्या सनदांची वाटणी बाळाजी विश्वनाथाने कशी केली हे पाहणे मला कुठल्याही लढाईच्या वर्णनाहून महत्त्वाचे वाटते. सरदेशमुखी, म्हणजे वसुलाचा दहावा हिस्सा, सगळी राजाची. चौथीचे मात्र चार वाटे. शंभर रुपये चौथ आली तर २५ रुपये राजाचे, त्याला राजबाबती म्हणत. ६ रुपये पंतसचिवाचे, ती सहोत्रा. ३ रुपये नाडगौडा म्हणून राजा ज्याला देईल त्याचे. उरलेले ६६ रुपये मोकासा, म्हणजे वसूल करणाऱ्या सरदाराचे, त्याच्या फौजेच्या खर्चासाठी. मुलूखही वाटून दिले. खानदेश पेशव्याकडे, वऱ्हाड भोसल्यांकडे, गंगथडी सरलष्कराकडे, बागलाण आणि गुजरात सेनापती दाभाड्यांकडे.

ही व्यवस्था अतिशय हुशारीने बेतलेली होती. प्रत्येक सरदाराला पुढे जाण्याची ओढ लागली, कारण जितका मुलूख वाढेल तितका त्याचा ६६ रुपयांचा वाटा वाढे. राजाच्या तिजोरीला न परवडणारा विस्तार सरदारांच्या हिमतीवर होणार होता. वीस वर्षांत मराठे नर्मदा ओलांडून यमुनेपर्यंत गेले ते याच्या जोरावर. तिच्यातली खोचही तितकीच स्पष्ट होती. शंभरातले सहासष्ट जो ठेवून घेतो तो राजाचे ऐकेल, पण दुसऱ्या सरदाराचे का ऐकेल? आणि पेशवा त्याच्या दृष्टीने राजाचा आणखी एक प्रधान, स्वतःच्या मुलखाचा आणखी एक धनी. त्याच्यापेक्षा वरचा कोणी नव्हे.

एप्रिल १७२० मध्ये बाळाजी विश्वनाथ वारला आणि विशीच्या बाजीरावाला पेशवेपद मिळाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वऱ्हाडात बाळापूरजवळ निजामाने हुसेन अलीचा पुतण्या आलम अली याचा पराभव केला. कराराप्रमाणे मराठी फौज आलम अलीच्या बाजूने लढली. आलम अली पडला, डाव निजामाचा झाला. तरी पराभूत बाजूच्या एका माणसाच्या तलवारीची खंडेरावाने शाहूंकडे मुद्दाम शिफारस केली. तो खंडेरावाच्या पथकातला दमाजी गायकवाड, खेडजवळच्या दावडीच्या घराण्यातला. शाहूंनी त्याला समशेर बहाद्दर हा किताब आणि सेनापतीच्या हाताखालचे दुय्यम पद दिले. दमाजी लवकरच वारला आणि त्याचा पुतण्या पिलाजी पुढे आला. त्याने सोनगडच्या डोंगरी ठाण्यातून दक्षिण गुजरात पिंजून काढला. बडोद्याच्या गायकवाडांचे राज्य, ज्याच्या गादीवर पुढे तिसरे सयाजीराव बसले, ते असे तळेगावच्या दाभाड्यांच्या पागेतून निघाले आहे. बडोद्यात फिरताना मराठी पाट्या, मराठी वाडे, मराठी माणसे पाहून आपल्याला बरे वाटते. त्याचा पहिला धागा इथे मावळात आहे हे किती जणांना ठाऊक असेल?

स्वतःची फौज, राज्याच्या मसलतीत जागा, आणि दोन्हींचा एकमेकांत गुंतलेला खर्च, हा पेच आपल्यापुरताच नव्हता. डभईच्या लढाईच्या पुढच्याच वर्षी, १७३२ मध्ये, व्हर्जिनियात जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म झाला. तिथल्या वसाहतींत कायमची फौज नसे. गावचे जमीनदार आणि शेतकरी आपापल्या बंदुका घेऊन मिलिशियात येत, बराचसा आपल्या शिलेदारांसारखा प्रकार. तिचे अधिकारीही त्याच जमीनदारांतले, आणि तेच वसाहतीच्या विधिमंडळात बसत. वॉशिंग्टन स्वतः व्हर्जिनियाच्या पथकाचा कर्नल होता आणि १७५८ मध्ये तिथल्या विधिमंडळावर निवडून आला. पुढे स्वातंत्र्ययुद्धात तो सरसेनापती झाला तेव्हा अडचण तीच निघाली. काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकार नव्हता, राज्ये पैसे वेळेवर देत नव्हती, शिपायांचे पगार थकले होते. १७८३ च्या मार्चमध्ये न्यूबर्गच्या छावणीत अधिकारी काँग्रेसवर दबाव आणायच्या बेतात होते. वॉशिंग्टनने त्यांना समजावून आवरले आणि २३ डिसेंबर १७८३ रोजी ॲनापोलिस इथे काँग्रेसपुढे उभे राहून आपल्या नेमणुकीचा कागद परत केला.

ही तुलना मी आपल्या लोकांना कमी लेखण्यासाठी करत नाही. वॉशिंग्टन पद सोडून माउंट व्हर्नॉनच्या मोठ्या शेतीवाडीवर परत गेला, आणि त्याच्या शिपायांची थकबाकी तो निघून गेला म्हणून फिटली नाही. खंडेरावाने सेनापतिपद सोडले असते तर बागलाणातल्या आणि सोनगडच्या हजारो घोड्यांना दाणा कोणी घातला असता? त्याच्या शिलेदारांची पोटे त्या ६६ रुपयांवर होती. पद घराण्यात राहावे असे त्याला वाटले असेल तर त्यामागे लोभाबरोबर जबाबदारीही होती. तरीही अमेरिकेत एक गोष्ट घडली आणि आपल्याकडे घडली नाही. फौज राज्याची आहे, सेनापतीची नाही, हे तिथे सगळ्यांच्या देखत एकदा ठरले. आपल्याकडे शाहू महाराजांच्या सौजन्यावर आणि सरदारांच्या त्यांच्यावरील भक्तीवर ते अवलंबून राहिले, आणि भक्ती राजावर असते, दुसऱ्या प्रधानावर नसते.

२७ सप्टेंबर १७२९ रोजी खंडेराव वारला. तळेगावात बनेश्वराच्या देवळापाशी त्याची समाधी आहे. जानेवारी १७३० मध्ये शाहूंनी मुलगा त्रिंबकराव याला सेनापती केले. त्याच वर्षी बाजीरावाचा भाऊ चिमाजी आप्पा गुजरातेत उतरला आणि तिथला मोगल सुभेदार सरबुलंदखान याने गुजरातची चौथ व सरदेशमुखी पेशव्यामार्फत देण्याचे कबूल केले. बाजीरावाच्या बाजूने पाहिले तर राज्याचा कारभार एका हाती यायला हवा होता आणि त्यासाठी त्याच्याइतका समर्थ माणूस दुसरा नव्हता. दाभाड्यांच्या बाजूने पाहिले तर बापाने तीस वर्षे घाम गाळून मिळवलेला, राजाच्या वाटणीने मान्य केलेला मुलूख दुसराच प्रधान उचलून नेत होता. त्रिंबकरावाने निजामाशी संधान बांधले. ही त्याची मोठी चूक होती. राज्याच्या शत्रूला घरच्या भांडणात ओढल्यावर न्याय्य तक्रारसुद्धा फितुरीसारखी दिसू लागते, आणि आजवर ती तशीच दिसत आली आहे. आपण राजाचा अधिकार राखण्यासाठीच लढतो आहोत असे तो मात्र जाहीरपणे सांगत होता, आणि मला तो खोटे बोलत होता असे वाटत नाही.

१ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळ दोन्ही फौजा भिडल्या. बाजीरावाची फौज लहान, पण कसलेली. त्रिंबकरावाने आपल्या हत्तीचे पाय साखळदंडाने बांधून घेतले, माघार नाही म्हणून. त्याच्या फौजेची फळी फुटली, बाजूचे लोक पळाले, तो हत्तीवरून तीर मारत राहिला आणि शेवटी गोळी लागून पडला. शाहूंनी हे भांडण पुढे वाढू दिले नाही. त्रिंबकरावाचा धाकटा भाऊ यशवंतराव याला सेनापतिपद दिले, पिलाजी गायकवाडाला त्याचा मुतालिक, म्हणजे मुखत्यार, नेमले, आणि गुजरातच्या वसुलाचा अर्धा वाटा पेशव्यामार्फत राजाला द्यायचा असे ठरवले. अंमल नावाचा दाभाड्यांचा, ताकद गायकवाडांची, हिशेब पेशव्यांचा. पुढच्या वीस वर्षांत यातले पहिले अंग गळून पडले.

तळेगावातून सोमाटण्याच्या उलट दिशेला, चाकणच्या रस्त्याने इंद्रायणी गाठली की इंदोरीची गढी दिसते. १७२०-२१ च्या सुमारास खंडेरावाने बांधलेला हा भुईकोट. दरवाजा अजून ठाम उभा आहे, खाली दगडी आणि वरच्या अंगाला विटांचा. आत कडजाईचे देऊळ. नदीचा काठ धरून बांधलेल्या या कोटाकडे पाहताना लक्षात येते की माणूस नुसता घोड्यावर बसून राहिला नव्हता. दिल्लीहून परतल्यावर गावापाशी कचेरी, पागा, कोठार असे ठाणे त्याला हवे होते. गढीच्या तटाची पडझड बरीच झाली आहे. तळेगाव, इंदोरी आणि आसपासच्या शाळांनी मुलांना सहलीसाठी लांब न्यायच्या आधी एकदा इथे आणावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. हातात नकाशा द्यावा, आणि इथून सुरत किती लांब आहे ते त्यांनाच मोजू द्यावे.

दाभाड्यांची आणखी एक गोष्ट मात्र दगडांत शोधून सापडणार नाही. श्रावणात तळेगावला हजारो ब्राह्मणांना काही दिवस भोजन घालण्याची या घराण्याची रीत होती. डभईनंतर बाजीरावाने ती पुण्यात चालू ठेवली आणि भोजनाबरोबर शास्त्री-वैदिकांना रोख रकमा द्यायला सुरुवात केली. हीच पुढे पेशव्यांची दक्षिणा म्हणून सगळ्या हिंदुस्थानात गाजली. १८१८ मध्ये पेशवाई गेली तरी एल्फिन्स्टनने दक्षिणेची रक्कम एकदम बंद केली नाही. तिच्यातून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, आणि तिच्याच वाढीतून डेक्कन कॉलेज उभे राहिले. १८४९ च्या सुमारास पुण्याच्या सुधारकांनी अर्ज केला की या निधीतला काही भाग मराठी ग्रंथांसाठी खर्च व्हावा आणि तो एकाच जातीपुरता राहू नये. सनातनी मंडळी खवळली. जोतीराव फुले सुधारकांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे मराठी पुस्तकांना दक्षिणा बक्षिसे मिळू लागली, आणि महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो म्हणून शिकले. तळेगावची पंगत एका जातीची होती हे लपवण्यात अर्थ नाही. ती तशीच राहू नये म्हणून ज्यांनी भांडण मांडले त्यांचे ऋण मला अधिक वाटते.

खंडेरावाची पत्नी उमाबाई नाशिककडच्या अभोण्याच्या ठोक्यांची मुलगी. नवरा गेला, मोठा मुलगा लढाईत पडला, धाकटे कच्चे. १७३२ मध्ये जोधपूरच्या अभयसिंगाने डाकोर इथे पिलाजी गायकवाडाचा दगाफटका करून खून केला, तेव्हा गुजरातेतला दाभाड्यांचा अंमल बुडाला असे सगळ्यांना वाटले. उमाबाईने स्वतः फौज जमवून अहमदाबादेवर चाल केली. तिथे काय घडले, आणि अठरा वर्षांनी आळंदीला नानासाहेब पेशव्यासमोर बसून गुजरातच्या अर्ध्या वाटणीबद्दल ती काय म्हणाली, हे पुढच्या भागात.